दुसऱ्या कडव्यातली किणकिण

काल रोह्यात भाचीच्या हळदीला हिरव्या बांगड्या भरून घेतल्या, तेवढ्यात डीजेवर आमचंच गाणं लागलं. मी आणि माझ्या मैत्रिणीने, सुलूने गायलेलं. एका लग्नसराईत पेणच्या कॅसेटवाल्याने दुकानाबाहेरच्या पाटीवर ते पहिल्या नंबरला लिहिलं होतं.

रेकॉर्डिंगची ती उकडणारी बंद खोली आठवली. आवाज नको म्हणून बांगड्या उतरवायला सांगितलं. मी उतरवल्या. सुलू नवी नवरी, हात पाठीमागे नेत म्हणाली, "चुडा नाय काढायची मी." शेवटी मी माझ्या ओढणीने तिचे हात गुंडाळले. तरी दुसऱ्या कडव्यात वरचा सूर घेताना तिचा हात उचललाच गेला, बांगड्या किणकिणल्या आणि कॅसेटवर तेच राहिलं.

"तुझ्यापायी बिघडलं गो सगळं!" मी चिडले होते. पुढे ज्या मांडवात गाणं वाजे, तिथे त्या जागेला मी मान खाली घाली.

सुलूला जाऊन वर्षं झाली. काल मी त्याच जागेसाठी कान टवकारून उभी होते. किणकिण आलीच नाही.

"मावशी, गाणं एकदम स्वच्छ केलंय," डीजेवाला म्हणाला. "मध्ये कायतरी खणखणत होतं, तेपण काढलं."

"परत लाव," मी म्हटलं. आणि दुसऱ्या कडव्याला माझाच हात उंच केला.