तिथून दिसलेलं बारसं

दुपारची जेवणं झालीत. पाळण्याची दोरी हातात धरून हेरंब चटईवर आडवा होतो. पोरगी झोपलीय. तीन महिन्यांची झाली तरी तिला नाव नाही; घरात सगळे नुसतं बाळ म्हणतात. नाव कानात सांगायचं ते आत्यानं, आणि आत्या, म्हणजे हेरंबची विजूताई, बाळ पोटात असतानाच गेली. दुसऱ्या कुणी सांगितलेलं ह्याला चालत नाही. बायकोनं, तनुजानं, विषय काढला की हा उठून जातो. हट्ट म्हणजे हट्ट!

डोळा लागतो न लागतो तोच स्वयंपाकघरातून हरभरे शिजल्याचा वास येतो. ओट्यापाशी विजूताई उभी आहे, पदर खोचून, कडेवर परात घेऊन.

"लोळतोस काय? चल, तुझा तो ग्रह दाखव."

ती गेलीय हे हेरंबला ठाऊक आहे, पण आत्ता तसं म्हणणं बरं दिसत नाही. तो मागचं दार उघडतो. बाहेर तांबूस वाळू. क्षितिजावर भलामोठा लाल सूर्य टेकलाय. तो वर येत नाही की बुडत नाही. आणि समोर पाणी. खरंखुरं, पायांशी येऊन परत जाणारं पाणी! हा ग्रह त्याच्या ताऱ्यापुढून गेला की ताऱ्याचा उजेड जरासा मंदावतो, एवढंच हेरंबनं वेधशाळेत बसून पाहिलेलं. 'पाणी असण्याची शक्यता' असं जपून जपून लिहिलेलं. आता तो तिथे अनवाणी उभा आहे आणि त्याच्या अंगावर सरसरून काटा येतो. देवा रे, केवढं हे!

"नाव काय ह्याचं?" ताई विचारते.

"नाव नाही. नंबर आहे."

"ह्याला निदान नंबर तरी आहे. पोरीला तोही नाही."

"तुझ्याशिवाय कोण सांगणार, ताई?"

"मला शिकवू नकोस. तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी. वर बघ."

वर एक बारीक पिवळी चांदणी. आपला सूर्य. तिथला उजेड इथे पोचायला एक्केचाळीस वर्षं लागतात, म्हणजे आत्ता पोचतोय तो त्याच्या बारशाच्या वर्षीचा, हे त्याला पाठ आहे. पण पाठ असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. पाण्यावर मिरजेचं भाड्याचं घर उजळतं. बायका जमल्यात. पाळण्यात तो स्वतः आहे, शेजारी परकरातली छोटी विजूताई. आणि पाळण्यावर वाकलेत ते बाबा.

"आपली आत्या कुठंय?"

"तापानं फणफणलेली, आलीच नाही. बाबा म्हणाले, पोराला किती ताटकळत ठेवायचं? आणि स्वतःच वाकले. मी असा धपाटा घातला त्यांच्या पाठीत!"

कुर्रर्र... बाबांचा आवाज अख्ख्या समुद्रावरून येतो. हेरंबला हसू येतं, रडूही आवरत नाही. ताई परातीतलं काहीतरी त्याच्या हातात ठेवते आणि त्याची मूठ मिटते.

"उद्या येशील?"

"मी निघालेलीच आहे की उजेडाबरोबर. तू माझ्यासाठी थांबू नकोस."

"अरे, ऊठ, बाळ जागं झालंय."

तनुजा समोर उभी आहे. हेरंब मूठ उघडतो. तळहातावर शिजलेला एक हरभरा, अजून कोमट.

"हा कुठून आला? मी तर हरभरे भिजवलेच नाहीत."

"मग आज भिजव. उद्या बारसं."

तनुजा बाळाला उचलून घेते. "आणि नाव कोण सांगणार?"

"मी," तो म्हणतो. "तू फक्त पाठीत जोरात घाल."