सतराव्या पुठ्ठ्याला

आमच्या शेजारचे गृहस्थ मागावरच्या चादरीच्या नक्षीसाठी पुठ्ठ्यांना भोकं पाडत. एकेका पुठ्ठ्यावर नक्षीची एकेक ओळ विणली जाई, आणि पुठ्ठे संपले की पहिला पुन्हा येऊन नक्षी फिरून सुरू होई. घरी आले तरी कधी बसत नसत. दारात उभे राहून चौकटीवर बोटांनी टकटक करत, जणू भोकंच मोजत असावेत.

मी नुकताच पदवीधर होऊन शाळेत लागलो होतो. त्या संध्याकाळी त्यांना मोठ्या उत्साहानं सांगितलं, "आज वर्गात एकाला सतरानं भागलं. दहा अंकांपर्यंत अंकांचा क्रम काही फिरून आला नाही. म्हणजे संख्या अपरिमेय, क्रम कधीच फिरून न येणारी."

टकटक थांबली. "दहातच थांबलात व्हय, मास्तर? बाकी सतराच्या आतलीच राहणार की! म्हणजे पुठ्ठे सोळाच. सतराव्याला जुना पुठ्ठा यायलाच पायजे. नक्षी लई लांब हाय, एवढंच."

मी घाईनं भागत गेलो. सोळा अंकांनंतर बाकी पुन्हा एक आली.

"आन् कदीच फिरून येत न्हाय, असा आकडा हाय का?"

"दोनाचं वर्गमूळ."

"मग त्याची चादर कशी विणायची हो?" ते अस्वस्थ होऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी आधी माझी चूक सांगितली, मग सोळाही अंक लिहिले. लिहिताना माझा डावा हात फळ्याच्या चौकटीवर टकटक करत होता.