रेवजी पाटलाची वाफ

तळोद्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, गवतसुद्धा उगवायला लाजतं असा एक खडकाळ माळ आहे. तिथं गरम पाण्याचा झरा आहे आणि त्याच्या वर खडकाला दोन चिरा. थंडीत सकाळी त्यांतून वाफ निघते. आजवर ती कोणाला न विचारताच निघत होती. मग दगडमाती तपासणारा एक साहेब आला, रेवजी पाटलाला "वाफेवर लक्ष ठेव" म्हणाला, जाताना आपले जुने बूट देऊन गेला, आणि आमच्या गावातला एक बरा शेतकरी वाया गेला.

रेवजी रोज सकाळी बूट चढवून माळावरच्या सपाट दगडावर जाऊन बसे. तपकीर ओढत वाफ निरखी आणि घरी येऊन बायकोला, गजराबाईला, हालहवाल सांगे. कपाशीवर कीड पडली तरी याचं आपलं एकच, आज डावी चीर जरा मंद आहे.

एकोणीसशे पंचवीस सालच्या हिवाळ्यात त्याला तिसरी वाफ दिसली. जरा वर, दगडांच्या आडोशाला, पहिल्या दोन्हींपेक्षा दमदार. रेवजी हरखून गेला. सरकारच्या नकाशात ही वाफ आपल्या नावानं लागावी, एवढ्यातच त्याला जन्माचं सार्थक दिसू लागलं. त्यानं तालुक्याला खेटे घालायला सुरुवात केली.

जवळ जाऊन बघणं तेवढं त्यानं केलं नाही. डोंगरातल्या लोकांनी त्या दगडांना शेंदूर लावला होता, तिथं पायातलं काढूनच जायचं. साहेबाचे बूट काढणं रेवजीला जमेना. वास यावा, तर तपकिरीनं नाक केव्हाच मेलेलं. ती वाफ भिलाटीतल्या, भिल्लांच्या वस्तीतल्या, कालीबाईच्या मोहाच्या दारूभट्टीची होती. दोन खऱ्या वाफांशेजारी तिसरी कोणाला खटकणार नाही, म्हणून तिनं भट्टी तिथं मांडली होती. हे गावात फक्त रेवजीला ठाऊक नव्हतं. बाकीचे सांगत नव्हते, कारण बाकीचे तिथलीच पीत होते.

"बूट काढीसन एक डाव जवळ जाई या," गजराबाई म्हणाली होती.

"तुले काय समजस त्यामा," म्हणून त्यानं तिला गप्प केलं.

पुढच्या हिवाळ्यात साहेब खरंच आला. बरोबर मामलेदार, आणि फुकटच्या जेवणाच्या आशेनं, चोरटी दारू पकडणारा आबकारीचा जमादार. गाव सरबराईत गुंतलं; कालीबाईला सांगायला कोणी गेलं नाही. ती सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन तिथंच सापडली.

रेवजीनं दुरूनच हात केला. "ही माझी, साहेब. मीच शोधली, मीच जपली."

जमादारानं नाक वर करून हुंगलं, पायातलं न काढता तो पुढे गेला आणि दगड सारले. आत मडकी, बांबूची नळी, खाली विस्तव.

"भट्टी कोणाची?"

कालीबाईनं डोक्यावरची मोळी खाली ठेवली. तिच्या घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. सगळं गाव जमिनीकडे बघत होतं. रेवजीनं साहेबाकडे पाहिलं. खरं बोलला असता तर सुटला असता. पण मग इतके दिवस आपण दारूची वाफ निरखत बसलो, हे साहेबापुढे कबूल करावं लागलं असतं.

"माझीच," तो म्हणाला.

लोक म्हणतात, त्यानं कालीबाईला वाचवलं. मी त्या माणसाला ओळखतो. त्यानं साहेबापुढची आपली ऐट वाचवली. तरी एवढ्या गावात तोंड उघडणारा तो एकटाच निघाला, याचा मला अजून संताप येतो.

तुरुंग भोगून तो धुळ्याहून परतला तेव्हा गजराबाई दारातच म्हणाली, "आते तरी ते बूट टाका." त्यानं टाकले.

नकाशात त्याचं नाव काही लागलं नाही. गुराखी मात्र वाट सांगताना "रेवजीनी भट्टीपाईन वर" असंच सांगतात. आणि रेवजी हिवाळ्यात अजून त्याच सपाट दगडावर बसतो, अनवाणी. फक्त तोंड आता तालुक्याच्या रस्त्याकडे असतं. जमादाराची टोपी दिसली की तो चिमूटभर तपकीर ओढतो आणि वर दगडांआड कालीबाईला ऐकू जाईल असा शिंकतो.