गरम टायरची हवा

माझ्या ट्रेलरचं टायर फुटलं, त्या दुपारपासून जवळजवळ वर्षभर मी एका माणसावर राग धरून होतो. तो माणूस माझा ड्रायव्हर. चौदा वर्षं माझ्याकडं होता. टायर फुटलं, ट्रेलर कलंडला, वरचे लोखंडी पाइप शेतात गेले, आणि त्याच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून तो घरी गेला तो परत माझ्याकडं आलाच नाही. मी मात्र भेटेल त्याला सांगत होतो की गाडीत टायरची हवा आणि गरमी दाखवणारं यंत्र होतं, ते शिट्ट्या मारत होतं आणि यानं गाडी थांबवली नाही. चहाच्या टपरीवर सांगितलं, विम्याच्या माणसाला सांगितलं, आणि वाळूजच्या ज्या कारखान्याचा माल होता तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्यालाही सांगितलं. अधिकाऱ्यानं गेटवरच्या वहीत लाल शाईनं त्याचं नाव लिहिलं. त्या वहीत नाव गेलं की वाळूजमध्ये जड गाडी कुणी हातात देत नाही. एका गेटवरची गोष्ट दुसऱ्या गेटवर जायला संध्याकाळसुद्धा लागत नाही.

मी देवगाव रंगारीचा. शहरात आलो तेव्हा हर्सूलला, तुरुंगाची भिंत संपते तिथून थोडं पुढं, पत्र्याच्या शेडमध्ये पंक्चरचं दुकान टाकलं. माझ्या मागं कुणी नव्हतं. एक जुना कंप्रेसर, टायर उचकटायच्या दोन टॉम्या आणि पाण्याचं टोपलं, एवढ्यावर मी उभा राहिलो आणि पुढं ट्रेलरचा मालक झालो. त्यामुळं टायरची गोष्ट मला कुणी शिकवू नये, असं मला कायम वाटत आलं. दुकानदारानं सांगितलेला पहिला भाव मी आयुष्यात कधी मान्य केला नाही, आणि भाव करताना माझा आवाज चढतो हे मला ठाऊक आहे. शांतपणे बोलणाऱ्याला या धंद्यात कुणी विचारत नाही, अशी माझी समजूत होती.

ड्रायव्हर मेंढपाळाच्या घरातला. त्याच्या भावांकडं अजून मेंढरं आहेत. गाडी कुठंही थांबली की तो खाली उतरायचा आणि एकेका चाकाला उलटा हात लावत फिरायचा. बोटांची मागची बाजू टायरवर क्षणभर टेकवायची, पुढं सरकायचं. आतल्या टायरसाठी गुडघ्यावर बसून दोन चाकांच्या फटीत हात घालायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "मेंढीला ताप हाय का ते कान धरून बघत्यात, मालक. एकीचा कान धरून कळत नाय. धा जणींचे धरले की अकरावीचा कळतो." मी हसलो होतो. पण त्याच्या हाताखाली माझं टायर कधी रस्त्यात गेलं नव्हतं, हेही खरं.

मग कारखान्यानं हुकूम काढला. ट्रेलरच्या प्रत्येक चाकावर हवा आणि गरमी मोजणारं यंत्र पाहिजे, नाहीतर गेटच्या आत यायचं नाही. चाकाच्या व्हॉल्व्हवर मोठ्या बोराएवढं झाकण बसतं, केबिनमध्ये छोटा पडदा असतो, त्यावर प्रत्येक चाकाचे दोन आकडे येतात. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या बाहेर गेला की शिटी वाजते. मला तो हुकूम म्हणजे अपमान वाटला. तरी गेलो वाळूजच्या एका दुकानात आणि भाव करायला बसलो. दुकानदार म्हणाला, यात यंत्र, बसवणं आणि अर्धा तास समजावणं सगळं आलं.

"समजावणं काढून टाक," मी म्हणालो. "तेवढा भाव उतरव."

"शेठ, गाडीच्या वजनाप्रमाणं मर्यादा लावावी लागती. तेच तर अर्ध्या तासात करायचंय."

"तुझ्या दुकानाला शटर नव्हतं तेव्हापासून मी टायर खोलतोय. मला टायर समजावतोस?"

त्यानं खांदे उडवले आणि भाव उतरवला. मी खूश होऊन बाहेर पडलो.

ती दुपार मेमधली होती. पाइप मालेगावच्या बाजूला पोचवायचे होते. ड्रायव्हरचा फोन आला तेव्हा मी उस्मानपुऱ्यात एका पार्टीसमोर बसून भाड्याची बोलणी करत होतो आणि पार्टी ऐकायला तयार नव्हती.

"मालक, पडदा वरडायलाय. डाव्या अंगाची दोन चाकं. एकशे अठ्ठावीस दाखवायलाय. सकाळी एकशे दहा भरली व्हती."

"हात लावला का?"

"लावला. गरम हायत, पण समदीच गरम हायत. ही दोन उन्हाकडची, म्हणून जराशी जास्त. कसाबखेड्याच्या पुढं लिंबाखाली लावतो पाऊण तास. थंड झाली की आकडा आपसूक उतरंल."

"तिकडं क्रेन उभी आहे. चारच्या आत माल उतरला पाहिजे. दहा-पंधरा पौंड काढ आणि नीघ."

"गरम टायरची हवा काढू नाय, मालक."

"कुणी सांगितलं? मेंढरांनी?"

समोरचा पार्टीवाला हसला, ते मला बरं वाटलं. मग फोनमधून "बरं" एवढंच ऐकू आलं.

"आणि सारखा फोन करू नको," मी म्हणालो.

तासाभरानं पुन्हा फोन वाजला, तो देवगावच्या एका ओळखीच्या माणसाचा होता. गावाच्या पुढं ट्रेलर आडवा झाला होता. माझ्याच गावाच्या शिवेत, माझंच नाव लिहिलेला. मी पोचलो तेव्हा फुटलेल्या टायरच्या चिंध्या रस्ताभर पडल्या होत्या आणि जळक्या रबराचा वास अजून गेला नव्हता. दुसरं कुणी खाली सापडलं नाही, हे नशीब. ड्रायव्हरला दवाखान्यात नेलं होतं. गावातली माणसं माझ्याकडं बघत उभी होती. त्या बघण्याचा रागसुद्धा मी त्याच्याच नावावर लिहिला.

आमच्या फोनचं मी कुणाला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं मला वाटलंच नाही. उन्हाळ्यात हवा कमी करायची, हे मी हर्सूलच्या दुकानात इतकी वर्षं केलं होतं. मी बरोबर सांगितलं, त्यानं नीट केलं नसेल किंवा दुसऱ्यांदा शिटी वाजल्यावर दामटली असेल, असाच माझा हिशेब होता. त्यात तो येऊन एक शब्द बोलला नाही. चौदा वर्षांचा माणूस, आणि निरोपसुद्धा नाही. ते मला जास्त लागलं होतं.

यंदा दुरुस्त ट्रेलर पुन्हा रस्त्यावर काढायचा म्हणून मी यंत्राचा डबा घेऊन त्याच दुकानात गेलो. दुकानदार गावाला गेला होता, त्याची मुलगी बसली होती. इंजिनिअरिंग करून बापाच्या धंद्यात आलेली. तिनं पडदा आपल्या मोबाइलला जोडला आणि म्हणाली, "काका, यात जुन्या नोंदी आहेत. पुसून टाकू ना?"

मी हो म्हणणार, तोवर तिचं बोट थांबलं.

"इथं हवा कुणी काढली?"

मी विचारलं, तुला कसं कळलं. तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. एक रेघ हळूहळू चढत एकशे अठ्ठावीसपर्यंत गेली होती, तिथून एकदम पायरी तुटावी तशी खाली आली होती. हवेची रेघ होती ती. तिच्या खाली गरमीची रेघ. हवा काढेपर्यंत तीही सावकाश चढत होती, आणि हवा काढल्यावर उभीच्या उभी वर गेली होती.

"हवा काढल्यावर गरमी कमी व्हायला पाहिजे," मी म्हणालो.

"उलटं आहे, काका. चालत्या गाडीत टायर तापतं, हवा फुगते, आकडा वर जातो. तो जायचाच असतो. सकाळी थंड टायरमध्ये जेवढी मोजून भरली, तीच खरी. गरम असताना काढली की टायर मऊ पडतं. मग ओझ्याखाली जास्त दबतं, फिरताना सारखं वाकतं आणि आतून तापत जातं."

"मग पहिल्यांदा शिटी का वाजली?"

"मर्यादा यंत्राबरोबर आली तशीच आहे. तुमच्या गाडीच्या वजनाला ती फार खाली आहे. ती बदलायलाच अर्धा तास लागतो." तिनं फाइलमधून माझी पावती काढली. तिच्यावर बापाच्या अक्षरात लिहिलं होतं: समजावणी नको म्हणाले.

मग तिनं आणखी एक जागा दाखवली. दुसऱ्यांदा शिटी वाजल्यानंतर गाडी वीस मिनिटं उभी होती. म्हणजे तो थांबला होता. मी वर्षभर जे सांगत फिरलो, ते खोटं होतं.

"पुसू का?" तिनं परत विचारलं.

मी नको म्हणालो. त्या दिवशी मी भाव केला नाही. अर्धा तास तिच्यासमोर स्टुलावर बसून सगळं ऐकलं. पण मन हर्सूलच्या शेडमध्ये होतं. मे महिन्यात दुपारी रांगेनं ट्रक यायचे, ड्रायव्हर खिडकीतून ओरडायचे, उस्ताद, हवा कमी कर, आणि मी व्हॉल्व्हची पिन दाबून धरायचो. गरम हवेचा फुसकारा मनगटाला लागायचा. फुकटात करायचो, गिऱ्हाईक परत यावं म्हणून. त्यातले किती ट्रक नीट पोचले, ते मला कधी कळणार नाही. आजवर ते विचारावं असंही मला वाटलं नव्हतं.

तिथून सरळ कारखान्याच्या गेटवर गेलो. अधिकाऱ्याला त्या रेघा दाखवल्या आणि कागदावर लिहून दिलं, की गरम टायरची हवा काढायला मी सांगितलं होतं, ड्रायव्हर नको म्हणाला होता, आणि दुसऱ्या शिटीला त्यानं गाडी थांबवली होती. अधिकाऱ्यानं दोनदा वाचलं. "हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?" मला राग आला. उत्तर नसलं की मला राग येतो. मी एवढंच म्हणालो, "आधी ते नाव खोडा." त्यानं माझ्यासमोर नाव खोडलं आणि बाजूला सही केली.

ड्रायव्हर हर्सूल तलावाच्या पलीकडं राहतो. मी गेलो तेव्हा घरामागं भावाची मेंढरं राखत बसला होता. उठताना त्यानं डावा हात टेकवला. उजवा खांद्याच्या वर जात नाही, हे मी तेव्हा पाहिलं.

"या मालक. बसा."

मी उभ्यानंच म्हणालो, "गेटवर लिहून दिलंय. हवा काढायला मी सांगितलं, असं. नाव खोडलंय तुझं."

"आता का दिलं?"

"खरं आहे म्हणून."

"खरं तर तवाबी व्हतं."

माझा आवाज चढला. "मग तू का बोलला नाहीस? वर्षभर तोंड शिवून बसलास! त्या साहेबाला एक शब्द सांगायचास!"

"ड्रायव्हर मालकावर ढकलायलाय म्हणले असते. यंत्र बसवणारा मालक शाना, आन् मी मेंढरं राखणारा."

"मला तरी सांगायचं!"

"तुमाला सांगितलं व्हतं की," तो म्हणाला. "फोनवर."

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "भावजी, वरडू नका, मेंढरं बुजत्यात." खरंच दोन-तीन मेंढ्या दावणीपर्यंत सरकल्या होत्या. मी खाली बसलो. त्यानं पुढं होऊन स्वतःहूनच सांगितलं, की दुसऱ्यांदा शिटी वाजली तेव्हा देवगावच्या अलीकडं तो थांबला होता. फोन हातात घेतला होता. मग ठेवून दिला. हात लावला तर एक टायर बाकीच्यांपेक्षा वेगळं लागत होतं. "कान गरम लागला तवाच गाडी सोडून द्यायची व्हती," तो म्हणाला. "हवा काढणारा हात माझाच व्हता, मालक. ते तुमच्या कागदावर नाय आलं."

मी त्याला परत ये म्हणालो. भाव करतो तसं नाही, एकदाच म्हणालो.

"गाडी चालवीन," तो म्हणाला. "तुमची नाय."

त्याचा खांदा जेवढा बरा व्हायचा तेवढा झाला आहे. आता तो दुसऱ्याचा छोटा ट्रक चालवतो. याचा मला राग आहे, तो मी लपवत नाही. इतकी वर्षं माझ्या गाडीवर जो हात तयार झाला, तो दुसऱ्याच्या चाकांना लागतो.

मागच्या महिन्यात त्याच गेटवर सकाळच्या रांगेत आमच्या गाड्या मागंपुढं लागल्या. मी स्वतः ट्रेलरबरोबर गेलो होतो. रात्रभर चालून गाडी नुकतीच आली होती. तो आपल्या ट्रकच्या चाकांना डावा हात लावत फिरला आणि सवयीनं म्हणा की मुद्दाम, माझ्या ट्रेलरच्या चाकांवरही हात टेकवत पुढं आला. मधल्या अॅक्सलच्या चाकापाशी थांबला, परत मागं जाऊन शेजारच्या चाकाला हात लावला. मी केबिनमध्ये पडदा बघितला. तिथंही ते चाक बाकीच्यांपेक्षा वर होतं, शिटी वाजण्याइतकं नाही.

"ह्याचा ब्रेक धरायलाय बहुतेक," तो म्हणाला. "बघून घ्या. आन् मालक..."

"काय?"

"हवा काढू नका."

रांगेतले दोघंतिघं हसले. माझा नंबर आला होता, गेटवरचा माणूस हात करत होता. मी माझ्या नव्या ड्रायव्हरला ट्रेलर रांगेतून बाहेर काढून सावलीत लावायला सांगितलं, आणि ते चाक थंड होईपर्यंत तिथंच बसून राहिलो.