वैशूचा माग, माझ्या नावावर

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. बाबूजी गेले, त्यांनाही कधी कळलं नाही. आईला सांगायचं म्हणून एकदा स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले होते — तिनं विचारलं, भात किती टाकू? आणि मी भाताचंच बोलत बसले. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही, हे आता पुरतं कळून चुकलंय.

आधी वैशूचं घर सांगते. मुद्दा टाळते आहे असं म्हणाल — हो, टाळतेच आहे. पण ते घर सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मोहाडी तालुक्यातलं आमचं गाव विणकरांचं. कोसा, म्हणजे आमच्याकडचं जंगली रेशीम, घरोघरी विणलं जायचं. चौकात आमचं दुकान. बाबूजी विणकरांना धागा द्यायचे, तयार कापड घ्यायचे. वैशूचे वडील आमच्यासाठीच विणायचे. म्हणजे मी दुकानदाराची पोर आणि ती विणकराची. पण आम्हाला त्याचं काय? शाळा सुटली की मी आमच्या दारावरून तशीच पुढे, थेट वैशूकडे.

काय सुख होतं हो त्या घरात! मे महिन्यात बाहेर मरणाचं ऊन, आणि आत शेणानं सारवलेली गार जमीन. काका, म्हणजे वैशूचे वडील, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसायचे. परसात काकू रेशमाचे कोसे उकळायच्या, त्याचा तो उग्र वास. पाहुण्यांना मळमळायचं, मला मात्र भूक लागायची. काकू लाखोळीच्या डाळीचे वडे करायच्या. पहिला वडा माझा. वैशू कुरकुरायची, "माय, इले घरी खाले भेटत नाई का वं?" काकू म्हणायच्या, "भेटते. पण तिच्या घरी तू नाईस ना."

वैशू मागाच्या बाजूला बसून चरख्यावर धाग्याच्या कांड्या भरायची आणि मांडीवर पुस्तक. पाढे, कविता, पुढे रसायनशास्त्राची सूत्रंसुद्धा — सगळं मागाच्या खटखटीवर पाठ. खट् म्हटलं की एक ओळ, पुन्हा खट्, पुढची ओळ. मध्येच धागा तुटला की माग थांबायचा आणि वैशूचं पाठांतरही अडायचं. काका धागा जोडेपर्यंत ती तोंड उघडं ठेवून बसलेली. मी हसून हसून लोळायची.

खरी गंमत परीक्षेत. हॉलमध्ये शांतता, आणि शांततेत वैशू बाईसाहेबांना काही आठवेना! मग ती बाकाखाली पाय आपटायची. खट्. खट्. दहावीच्या पेपरला पर्यवेक्षक दोनदा ओरडले तिच्यावर. मी मागच्याच बाकावर होते, सगळं पाहत होते. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा हिनं चपला काढून ठेवल्या आणि अनवाणी पायानं ठेका धरला. गणितात मला वीस मार्कांनी मागे टाकलं पोरीनं.

नंतर भंडाऱ्याचं कॉलेज. एसटीचा रोजचा प्रवास, स्टँडवर उकडलेले शिंगाडे, सालं कुठे टाकायची यावरून भांडणं. एकाच बाकावर बसून एम.एस्सी. केलं आम्ही. तंतूंचं रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी दोघींना एकदमच सांगितलं — परदेशात जा, पुढचं शिका. फी, राहणं, विमानाचं तिकीट, सगळं देणारी एक शिष्यवृत्ती आहे.

त्या वर्षी काकांना दम्यानं आडवं केलं होतं. वैशू म्हणाली, "तू भर औंदा. मी पुढच्या साली भरतो."

अर्जात एक निबंध होता. तुम्ही कुठून आलात, कशातून वाट काढलीत, ते लिहा.

मी कशातून वाट काढली होती? चौकातलं दुकान, पंख्याखालचा अभ्यास, अठराव्या वर्षी स्कूटी. मनात आणलं असतं तर बाबूजी दुकानावर बँकेचं कर्जही काढू शकत होते. तसं ते बोललेही होते. पण शिष्यवृत्तीचा मान वेगळा ना! तीन दिवस कोरा कागद पाहिला. चौथ्या दिवशी लिहायला बसले आणि एका बैठकीत झालं. खड्ड्यातले पाय, कोशांचा वास, कांड्या, मागावर पाठ केलेले पाढे, परीक्षेत आपटलेले पाय — सगळं. आणि वाक्यावाक्यात 'मी'. 'माझे वडील विणतात.' 'माझ्या चपला मी काढून ठेवल्या.'

मुलाखतीत त्यांनी तेच विचारलं. मी टेबलावर बोटांनी ठेका धरून दाखवला. समोरच्या एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्हाला वाटेल, तेव्हा लाज वाटली असेल — खोटं कशाला बोलू? मला वाटलं, जमलं.

मी निघाले त्या दिवशी काकूंनी औक्षण केलं. दम लागत असतानाही काका स्टँडपर्यंत चालत आले. म्हणाले, "तू गेली म्हणजे आमच्या वैशूची वाट मोकळी झाली, पोरी." एसटी हलली तशी वैशू खिडकीबरोबर धावली, धापा टाकत ओरडली, "थंडीत मोजे घालजो वं, येडे!"

पुढच्या साली तिनं अर्ज भरला. मी इंग्लंडातून फोनवर तिला पढवलं — घरचं नको लिहूस, संशोधनाचं लिही. काहून, हे तिनं विचारलं नाही. पण मॅडमनी तिला सांगितलं, जे खरं आहे ते लिही. मग तिनं खरं लिहिलं. स्वतःचं.

आता आलेच मी तिथवर. फार लांबवलं, नाही?

शिष्यवृत्तीवाल्यांचा मला ईमेल आला. एकाच गावातून दोन निबंध आलेत — तोच माग, तेच पाढे, त्याच परीक्षेत काढलेल्या चपला. याबद्दल आपण काही सांगू शकाल का?

सांगू शकत होते की! दोन ओळींचं काम होतं. तिचं खरं आहे, माझं खोटं आहे. काय झालं असतं? शिष्यवृत्ती गेली असती, गावात छी-थू झाली असती. पण बाबूजींनी कर्ज काढून शिकवलं असतं मला. माझं शिक्षण बुडत नव्हतं. तिच्याकडे मात्र दुसरा रस्ता नव्हता. हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. दिसत नव्हतं म्हणाले तर ते अजून एक खोटं.

मी लिहिलं — वैशाली माझी बालमैत्रीण आहे. नमुना म्हणून मी तिला माझा निबंध वाचायला दिला होता. तिनं अजाणता त्यातलं घेतलं असावं. मुलगी मनानं चांगली आहे, कृपया तिच्याबाबतीत कठोर होऊ नका.

वाचलंत? दयासुद्धा मागितली मी तिच्यासाठी.

तिला एका ओळीचा नकार गेला. कारण दिलं नव्हतं. तिनं मला फोन केला, रडली नाही. म्हणाली, "माय म्हणतच होती, आपल्या घरचं काय सांगाचं लोकायले. कोणाले काय पडलं हाय त्याचं." मी तिची समजूत घातली. हो, मीच! पुन्हा भर म्हटलं. ती म्हणाली, नाही, बस झालं. तुमसरजवळच्या एका शाळेत शिकवायला लागली. लग्न झालं, मुलगी झाली. आपल्या घराबद्दल ती नंतर कुणाला काही सांगताना मी ऐकलं नाही. आणि मी? ते घर माझं म्हणून सभांमधून सांगत राहिले. लोकांना फार आवडतं ते.

यंदा उन्हाळ्यात घरी गेले होते. भंडाऱ्याच्या एका कॉलेजनं मला बोलावलं. प्राचार्यांनी ओळख करून देताना मागापासूनच सुरुवात केली. वैशू मुलीला घेऊन पहिल्या रांगेत बसलेली. ती टाळ्या वाजवत होती.

कार्यक्रम संपल्यावर मुलगी माझ्याजवळ आली. बारा-तेरा वर्षांची असेल, डोळे थेट आईचे. म्हणाली, "मावशी, तुमच्या घरी तर दुकान होतं ना? मग माग कुठं होता?"

माझं तोंड उघडायच्या आत वैशूनं तिच्या डोक्यावर टपली मारली. "अवं, आमच्या घरचा माग तो तिचाच तर होता! पहिला वडाही तिचाच. लहानपणी आमच्यात तुझं-माझं होतं काहून?" आणि माझ्याकडे पाहून हसली. अगदी मनापासून. त्या ईमेलचं तिला काही ठाऊक नाही.

मुलगी माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी म्हटलं, "हो."

शिष्यवृत्ती वैशूची होती. मी ती घेतली, आणि वर तिला चोर ठरवलं.