आईचं मिनिट आणि काकूंचं मिनिट

आता स्वतःची अब्रू स्वतःच काढायची म्हणजे… पण तुम्ही चहा पाजलाय, तर ऐकाच!

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत हळदीकुंकवाला एका मिनिटाचा खेळ असतो. यंदा आरशावर टिकल्या चिकटवायच्या होत्या. सगळ्यात जास्त चिकटवेल तिला प्रेशर कुकर. वेळ दरवर्षी तळमजल्याच्या सावंतकाकू मोबाइलवर लावतात. पण मी प्रोग्रॅमर जिवंत असताना मोबाइल? छे! लॅपटॉपवर प्रोग्रॅमच लिहिला. स्टार्ट दाबा, साठपासून उलटे आकडे, शून्याला घंटा. घरी एकदा चालवून पाहिला. झकास!

पहिली पाळी आईची. बेचाळीस टिकल्या! आजवर तिला कधी साधं उत्तेजनार्थ मिळालं नव्हतं हो. लाजून लाल झाली.

मग जोशीकाकू. एकवीस. तिसऱ्या शिंदेवहिनी. चौदा.

"अहो, जरा हात चालवा!" मी माइकवरून. काय ती माझी मस्ती!

पाचव्या सावंतकाकू. आठ!

"अरे मेल्या, एवढ्यात मिनिट झाला?"

"काकू, कॉम्प्युटर चुकत नाही."

"मगे आवशीक कुकर देवक हाडलंस काय ह्यो डबो?"

म्हणजे आईला कुकर द्यायलाच मी हा डबा आणला म्हणे! सगळ्या बायका आईकडे बघायला लागल्या. तिचं तोंड एवढंसं झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा स्टार्ट दाबला आणि पहिल्यांदाच नीट स्क्रीनकडे पाहिलं. साठ, चोपन्न, अठ्ठेचाळीस… वाट लागली!

काय केलं होतं मी? टायमरला सांगायचं असतं, दर सेकंदाला एक आकडा कमी कर. हे काम करणारा हँडलर एकदाच जोडायचा. मी तो स्टार्टच्या बटणातच जोडला होता! म्हणजे प्रत्येक क्लिकला एक नवा माणूस कामावर, आणि जुन्याला सुट्टी नाहीच. काकूंच्या वेळी पाच जण मिळून सेकंद खात होते. आणि घरी मी बटण दाबलं होतं किती वेळा? एकदा!

माइकवरून माफी मागितली. काकूंचा मोबाइल आला, खेळ पहिल्यापासून. "मी शेवटी खेळणार," आई ठामपणे म्हणाली.

काकूंच्या एक्केचाळीस. आईच्या त्रेचाळीस! काकूंनीच मिठी मारून कुकर तिच्या हातात दिला. मला तर भरूनच आलं.

मग आईने माइक मागितला.

"हा रोज घरी येऊन सांगतो, आई, आज बारा तास काम केलं. आज कळलं, ते बारा तास कुठल्या घड्याळाचे!"