पिकअपच्या दिव्यांवरचं कुंकू

आमच्या घरात बल्ब निवडायचं काम माझ्याकडे नाही. एका जानेवारीत ते माझ्याकडून काढून घेण्यात आलं, आणि माझी त्याबद्दल काहीही तक्रार नाही.

तेव्हा आम्ही अमिरातीतल्या फुजैराला राहायचो. मी ऑइल टर्मिनलवर इंजिनिअर. बायको मेधा फिजिक्सची एम.एस्सी. आणि गेली चार वर्षं घरी. मुलगी सई दहा वर्षांची, तिला मराठीत काहीही विचारा, उत्तर इंग्रजीत यायचं. आणि गाडी म्हणाल, तर कंपनीने काढून टाकलेला जुना डबल केबिन पिकअप ट्रक. (घेताना मेधाला मी "चार दरवाजे आहेत" एवढंच सांगितलं होतं. मागे उघडा हौदा आहे, हे तिला ट्रक दारात उभा राहिल्यावर कळलं!)

एके दुपारी दुबईहून फोन आला. तिथल्या ऊद मेथा भागातल्या एका भारतीय शाळेला फिजिक्सची टीचर हवी होती. पंधरा दिवसांनी, शनिवारी सकाळी साडेआठ वाजता डेमो लेसन. विषय, प्रकाश.

मेधाने फोन ठेवला आणि त्याच्यावरच हात ठेवून बसून राहिली. चार वर्षांत तिने किती अर्ज पाठवले होते ते मला माहीत होतं. त्या दिवशी ती जशी हसली तशी मी तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. मला इतका आनंद झाला, की मी तिला मदत करायचं ठरवलं. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

साडेआठला दुबई गाठायची तर पाचला निघायला हवं. जानेवारीत त्या वेळी वाटेतल्या धैदच्या माळावर असं धुकं पडतं, की स्वतःच्या गाडीचं बॉनेट अंदाजाने ओळखावं लागतं. आणि आमच्या ट्रकचे दिवे तर बरेच दिवस मंदावलेले. हेडलाइट लावले, की कुणीतरी रस्त्यावर निरांजन ठेवून गेल्यासारखं वाटायचं.

"अहो, काच पुसून बघू या का?" मेधा म्हणाली. "दसऱ्याचं कुंकू तसंच आहे तिच्यावर."

आता हे कुंकू माझं. ट्रकची पूजा मीच केली होती. कोरडं कुंकू वाऱ्याने उडतं, म्हणून मी ते खोबरेल तेलात घट्ट कालवलं (इंजिनिअर आहे!) आणि दोन हेडलाइट, दोन फॉग लाइट, चारही दिव्यांवर ठसठशीत स्वस्तिकं काढली. पुढे मसाफीच्या वाटेवरच्या खडीच्या खाणींची धूळ त्या तेलावर मुक्कामाला आली. बिल्डिंगमधल्या गाड्या धुणाऱ्यालाही मी बजावून ठेवलं होतं, "लाइट को हाथ नहीं लगाने का!"

"पूजेचं कुंकू पुसायचं नसतं," मी म्हणालो. "आपोआप जायला हवं."

"तीन महिने झाले. जात नाहीये."

"जाईल. आणि त्यातून घरच्या बाईनेच कुंकू पुसायचं? काहीतरीच! हा दोष बल्बचा आहे. वॉटेज कमी पडतंय."

"मी प्रकाश शिकलेय हो."

"तो पुस्तकातला. हा फील्डवरचा आहे."

ती मग मेणबत्ती, काचेचा ग्लास आणि टॉर्च घेऊन लेसनची तयारी करायला निघून गेली.

मी जुना बल्ब काढून रुमालात गुंडाळला आणि स्पेअर पार्ट्सवाल्या हमजाभाईंचं दुकान गाठलं. हमजाभाई केरळचे. पंचवीस वर्षं त्याच काउंटरमागे उभे.

"साब, गाडी किधर है?"

"गाडी का क्या काम? बल्ब लाया हूं ना!"

"गाडी देखेगा तो मालूम पडेगा."

पण मी वही उघडली होती. वहीत मी आलेख काढला होता, वॉट विरुद्ध अंतर. हमजाभाईंनी तो आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला आणि माझ्या इच्छेप्रमाणे निळसर झाक असलेले नवे हेडलाइट बल्ब काढून दिले. नव्वद दिरहम! "म्हणजे साडेअकराशे रुपये!" मी मोठ्याने म्हणालो. तिथे आपण सगळेच मोठ्याने म्हणतो, त्याने किंमत कमी होत नाही.

संध्याकाळी बल्ब बसवून दिवे लावले. समोरची भिंत जांभळी झाली.

"बाबा, इट्स लाइक अ डिस्को!" सई नाचायलाच लागली.

"रंग जुळलेला नाही, एवढंच," मी म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात.

"साब, गाडी किधर है?"

"आज सौ वॉट का दो, हमजाभाई!"

"सौ वॉट मत लगाव, साब. होल्डर खलास हो जाएगा."

मी ऐकतोय कसला! शंभर वॉटचे बल्ब लावले. पाच मिनिटांत ट्रकच्या तोंडातून एक ओळखीचा, प्रसन्न वास येऊ लागला.

"इट स्मेल्स लाइक गणपती!" सई टाळ्या वाजवत म्हणाली.

"वायर तापतेय," मी म्हणालो.

मेधा बाल्कनीत उभी होती. "वायरीला खोबरेलाचा वास येतो?" तिने वरूनच विचारलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. तेवढ्यात एक होल्डर मऊ पडून बल्बने मान टाकली, त्यामुळे मला खरोखरच ऐकायला वेळ नव्हता.

नवा होल्डर आणला आणि मुकाट्याने जुनेच हेडलाइट बल्ब परत बसवले. मग उरले फॉग लाइट. पांढरे घ्यावेत की पिवळे? यावर मी तीन संध्याकाळी काढल्या. मेधा स्वयंपाकघरात ओट्यासमोर उभी राहून काल्पनिक वर्गाला शिकवायची आणि मी दर दहा मिनिटांनी तिला खाली बोलवायचो. "मेधा, जरा भिंतीपाशी उभी राहा. टेप धर. माझा चेहरा दिसतोय का?"

"नाही."

"आणि आता?"

"आता तर मुळीच नाही. अहो, मला तयारी करू द्या हो! एकच संधी आहे ही."

"तुझ्यासाठीच चाललंय सगळं!" मी दुखावून म्हणालो, आणि मला ते अगदी खरं वाटत होतं. शेवटी पिवळे घेतले. हमजाभाईंनी बल्ब देताना आकाशाकडे बोट केलं. "इन्शाल्ला चलेगा. लेकिन साब, गाडी किधर है?"

शनिवारी पाचला निघालो. मेधाने मोरपिशी साडी नेसली होती, मांडीवर लेसनची फाइल. सई मागे झोपलेली. मसाफी सोडेपर्यंत सगळं ठीक होतं. धैदच्या अलीकडे धुक्याने आम्हाला गिळलं. मी चारही दिवे लावले. रस्ता दिसेना, कडेची पांढरी रेघ दिसेना, काटा वीसच्या वर जाईना. मागून मोठे ट्रक हॉर्न वाजवत अंगावर यायचे. साडेसहा झाले. मेधा घड्याळ आणि धुकं, घड्याळ आणि धुकं, असं बघत होती. या बाईची चार वर्षांची वाट मी माझ्या वहीतल्या आलेखाखाली चिरडणार, हे मला तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. बाकी काहीच दिसत नव्हतं.

एका पेट्रोल पंपाचा बोर्ड अंधुक दिसला.

"आत घ्या गाडी," मेधा म्हणाली.

गाडी थांबताच तिने पर्समधून कोल्ड क्रीम काढलं, डॅशबोर्डवरचा टिश्यूचा डबा उचलला आणि ती खाली उतरली.

"मेधा, अगं, पूजेचं कुंकू..."

"देवाची माफी मी मागते. तुम्ही आधी दिवे बंद करा, हात भाजतोय माझा!"

"पण बायकोने नवऱ्यासमोर कुंकू..."

"ट्रकचं आहे ते! तुमच्या नावाचं माझ्या कपाळावर आहे, ते पुरेसं आहे. आणि चार वर्षं वाट बघितलीय मी. तुमच्या खोबरेलासाठी ही संधी नाही घालवणार!"

मग मीही उतरलो आणि निमूटपणे टिश्यू पुरवू लागलो. स्वस्तिकाबरोबर स्वस्तिकाएवढीच जाड धूळ निघाली. चारही काचा लख्ख झाल्यावर मेधा म्हणाली, "लावा आता." मी दिवे लावले. धुक्यात सरळ, पिवळाधमक रस्ता उमटला, कडेच्या रेघेसकट! सई जागी झाली आणि म्हणाली, "वॉव, बाबा, न्यू बल्ब्स?"

"यल्ला, चला," मेधा म्हणाली.

आठ पंचवीसला आम्ही शाळेच्या फाटकात होतो. हात धुवायलाही वेळ नव्हता. दोन्ही तळवे लालभडक, तशीच ती वर्गात गेली. सईला मागच्या बाकावर बसायची परवानगी मिळाली होती, म्हणून पुढचं मला कळलं. मेधाने म्हणे तयार केलेला लेसन बाजूलाच ठेवला. पर्समध्ये कोंबलेला तेलकट कुंकवाचा टिश्यू टॉर्चसमोर धरला आणि विचारलं, "प्रकाश कमी का झाला? बल्ब बदलायचा की हे काढायचं?" सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "रिमूव्ह इट, मिस!" मग तिने आमची सगळी हकीकत सांगितली. मुलं हसली, मागे बसलेल्या प्रिन्सिपल बाई तर डोळे पुसत होत्या.

चौथ्या दिवशी फोन आला. नोकरी मिळाली. आम्ही दुबईला घर घेतलं, सई त्याच शाळेत जाऊ लागली आणि मी रोज उलट दिशेने, त्याच धुक्यातून, त्याच ट्रकने फुजैराला. दसऱ्याला आता मी कुंकू फक्त टायरला लावतो.

पुढच्या वर्षी सईच्या सायन्सच्या पेपरात प्रश्न होता, ज्यातून प्रकाश धड जात नाही अशा वस्तूचं एक उदाहरण द्या. सईने लिहिलं, "माय फादर." पेपर तपासणाऱ्या बाईंनी "फादर" खोडून "फादर्स हेडलाइट" केलं, आणि मग थोडा विचार करून दुरुस्तीच खोडली. पूर्ण गुण दिले. बाई घरच्याच होत्या.